शेळ्यांसाठी मिल्किंग मशीन : पठारावरच्या नोंदी

9 नोव्हेंबर 2024

आज मशीनची ऑर्डर दिली. एक बादली, तिला दोन क्लस्टर (सडांना लावायच्या दोन कपांचा एक जोड म्हणजे क्लस्टर), म्हणजे एका वेळी दोन शेळ्या. एक एचपीची सिंगल फेज मोटर आणि तेलावर चालणारा व्हॅक्यूम पंप. दिवाळीत व्यायलेल्या धरून आमच्याकडे सध्या 22 शेळ्या दुधावर आहेत. बहुतेक संगमनेरी, चार-पाच बीटलच्या क्रॉस.

संगमनेर तालुक्याच्या पठार भागात शेळी घरोघरी, पण ती करडांसाठी आणि बोकड विकण्यासाठी. दुधाचं मशीन बघायचं तर गाईंच्या गोठ्यात जायचं. आम्हाला ते हवं आहे ते जाऊबाईंच्या अंगठ्यासाठी. संगमनेरीचे सड आखूड, त्यात मूठ बसत नाही. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून खाली ओढत धार काढावी लागते आणि सगळा ताण अंगठ्याच्या मुळाशी येतो. गेल्या पावसाळ्यापासून त्यांचा उजवा अंगठा रात्रभर ठणकतो. डॉक्टरांनी शिरेला सूज सांगितली आणि हाताला विश्रांती द्या म्हणाले. दोन वेळच्या धारा असलेल्या घरात विश्रांती कुठून आणायची? माझाही अंगठा अलीकडे सकाळी आखडलेला असतो.

दूध जातं दोन ठिकाणी. पुण्यात चीज करणारे एकजण नेतात, बाकीचं संगमनेरमधल्या घरांत. डेंग्यूची साथ आली की पेशी वाढाव्यात म्हणून लोक जास्त पैसे देऊन शेळीचं दूध मागतात. त्याला भक्कम पुरावा नाही, म्हणून आम्ही तसं सांगून दूध विकत नाही आणि भावही वाढवत नाही. कच्चं पिऊ नका, उकळूनच घ्या, हे मात्र प्रत्येकाला सांगतो. शेळीच्या कच्च्या दुधातून माणसाला ब्रुसेलाचा ताप येऊ शकतो.

16 नोव्हेंबर

जागा ठरली. शेडच्या पूर्वेची मोकळी खोली. बोकडांचा कप्पा पश्चिमेला आहे, वारा तिकडून फारसा येत नाही. माजावर आलेल्या बोकडाचा वास दुधाला लागतो, म्हणून ही एवढी काळजी.

मोटर आणि पंप खोलीबाहेर, पत्र्याच्या आडोशाला. पंपाच्या धुरात तेलाचा अंश असतो आणि आवाजही बराच होतो. ते दोन्ही दुधाजवळ नकोत. आत येईल फक्त व्हॅक्यूमची पीव्हीसी लाईन. तिला थोडा उतार दिलाय आणि सर्वांत खालच्या टोकाला पाणी सोडायचा कॉक बसवलाय, कारण लाईनमध्ये दमट हवेचं पाणी साठतं आणि कधी दूधही ओढलं जातं. पंपाच्या आधी टाकी आहेच. ते पाणी पंपात गेलं तर आतल्या पात्या खराब होतात.

21 नोव्हेंबर

गावातल्या वेल्डरकडून स्टँड आला. चार शेळ्या ओळीने उभ्या राहतील असा ओटा, जमिनीपासून दीड फूट उंच, चढायला उतरती फळी. खाली लोखंडी अँगल, वर लाकडी फळ्या आणि त्यावर रबरी मॅट, म्हणजे खूर घसरत नाही. मान अडकवायची फट चार इंचांची. शेळीने डोकं घातलं की वरचा दांडा सरकवायचा, समोर खुराकाचं पत्र्याचं घमेलं.

उंची ठरवताना जाऊबाईंना स्टुलावर बसवून माप घेतलं. वाकायला न लागता कास डोळ्यांसमोर यायला हवी. वेल्डर दोन फूट करू म्हणत होते. बुटक्या शेळीला ते चढायला जड जातं, म्हणून दीडवरच थांबलो.

27 नोव्हेंबर

मशीन आलं. बसवायला आलेला मुलगा हुशार आणि हाताचा चपळ होता. पण त्याने आजवर फक्त गाईंचीच मशीनं बसवलेली. त्याने व्हॅक्यूम 15 इंचांवर लावला, पल्सेटर (व्हॅक्यूमची ओढ ठोक्याठोक्याने थांबवणारा भाग) मिनिटाला 60 ठोक्यांवर, आणि म्हणाला, "ताई, झालं, शेळीलाही हेच चालतं."

शेळीला हे चालत नाही. पाऱ्याचे 15 इंच म्हणजे साधारण 50 किलोपास्कल. गाईसाठीही ही वरची बाजू आहे. शेळीला 36 ते 40 पुरतं, म्हणजे 11 इंचांच्या आसपास. ठोके उलट जास्त हवेत, मिनिटाला 90 च्या घरात. कारण शेळीची कास वेगळी असते. गाईचं बहुतेक दूध वर गाठीत, पेशींच्या जाळ्यात अडकलेलं असतं आणि पान्हा फुटल्याशिवाय खाली येत नाही. शेळीचं निम्म्याहून जास्त दूध, पुष्कळदा तीन चतुर्थांशापर्यंत, आधीच खालच्या पोकळीत उतरून तयार असतं. ते फार ओढावं लागत नाही. दोन-तीन मिनिटांत शेळी मोकळी होते. त्यानंतरही व्हॅक्यूम चालू राहिला तर तो रिकाम्या सडावर चालतो.

हे सगळं मी त्याच्यापाशी बोलले. त्याने ऐकून घेतलं, रेग्युलेटरचा स्क्रू ढिला केला आणि काटा 11 च्या जरा वर आणून दिला. पल्सेटर मात्र आम्हीच बघू म्हटलं, त्याला परतीची गाडी गाठायची होती.

28 नोव्हेंबर

सकाळपासून पल्सेटर. मशीन चालू करून लायनरमध्ये, म्हणजे कपाच्या आतल्या रबरी नळीत, अंगठा घालायचा. रबर अंगठ्यावर आवळलं की एक, सुटलं की धार वाहायची वेळ, पुन्हा आवळलं की दोन. हे फोनवर वेळ लावून मोजलं. पल्सेटरच्या बाजूचा छोटा स्क्रू पाव फेरा फिरवायचा, पुन्हा मोजायचं. 88 वर थांबले. दोन्ही क्लस्टर सारखे ठोके देतात याची खात्री केली.

पल्सेटर मशीनचा जीव आहे. नुसता व्हॅक्यूम सतत ओढत राहिला तर रक्त सडाच्या टोकाला साचून राहतं. लायनर मिटतो तेव्हा सड दाबला जातो आणि ते रक्त मागे फिरतं. एकोणिसाव्या शतकातली सुरुवातीची यंत्रं सलग ओढणारी होती, त्यात जनावरांचे सड खराब व्हायचे. 1895 मध्ये ग्लासगोच्या अलेक्झांडर शील्सने थांबून थांबून ओढणारं यंत्र आणलं, तेव्हा कुठे गोष्ट मार्गाला लागली.

मग पाण्याची चाचणी. दोन्ही क्लस्टर पाण्याच्या बादलीत बुडवले, मशीनने पाणी ओढून आपल्या बादलीत घेतलं. प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावला, एका कोपऱ्यात फेस आत ओढला गेला, तिथे टेप मारून सोल्यूशन लावलं. शेवटी एक क्लस्टर मुद्दाम उघडा सोडून हवा जाऊ दिली. काटा किंचित हलला आणि परत जागेवर आला. एक कप निसटला म्हणून बाकीच्या शेळ्यांचा व्हॅक्यूम पडायला नको. हे नीट जमलं.

30 नोव्हेंबर

धार नाही, फक्त सवय. शेळ्या स्टँडवर चढवायच्या, मका भरडा आणि शेंगदाणा पेंड खायला घालायची, बाहेर मोटर चालू, हाताने धार. हरणी पहिली चढली की बाकीच्या तिच्या मागे येतात. काजळीने मान अडकवू दिली नाही, तिला तसंच सोडलं. घाई केली तर ती कायमची बिचकेल.

3 डिसेंबर

आज पहिली धार मशीनवर.

क्रम असा ठेवलाय. मान अडकवली की कास कोरड्या फडक्याने पुसायची, प्रत्येक शेळीला वेगळं फडकं. पाण्याने धुवायची नाही. शेळीच्या लेंड्या कोरड्या असतात, कास सहसा स्वच्छच असते, आणि ओली कास असेल तर ते घाण पाणी निथळून लायनरमध्ये जातं. मग दोन्ही सडांच्या पहिल्या दोन धारा काळ्या वाटीत. गाठी, पाणचटपणा, रक्त काळ्यावर लगेच दिसतं. मग कप. कप लावताना नळी मोडून धरायची, म्हणजे हवा ओढली जात नाही. कप सडाखाली आला की सोडायची.

हरणीने चारा चघळताना क्षणभर तोंड थांबवलं, मागे पाहिलं आणि पुन्हा खायला लागली. पारदर्शक नळीतून दूध धावताना पाहून सासूबाई ओट्याशी येऊन उभ्या राहिल्या. "आवाज करतंय, पण दुखवत नाही वाटतं," म्हणाल्या. त्यांच्या वयाच्या बाईचं शेळीच्या चेहऱ्याकडे लक्ष असतं, नळीकडे नाही, म्हणून मला ते बोलणं फार मोलाचं वाटलं.

धार बारीक झाली की आधी व्हॅक्यूमचा कॉक बंद, मग कप आपोआप सुटतो. ओढून काढायचा नाही. शेवटी सड आयोडीन आणि ग्लिसरीनच्या द्रावणात बुडवायचे. सडाचं तोंड नीट मिटायला अर्धा तास तरी लागतो, तोवर शेळीने बसू नये म्हणून स्टँडवरून उतरल्या उतरल्या गव्हाणीत मेथी घास.

5 डिसेंबर

सड बघितले आणि जीव खाली-वर झाला.

चार शेळ्यांच्या सडांची टोकं कप काढल्यावर निळसर दिसली आणि हाताला कडक लागली. भुरीच्या सडावर, जिथे लायनरचं तोंड बसतं तिथे, गोल वळ उठला होता. कप वर चढत होते. व्हॅक्यूम जास्त असला की असं होतं. कप सडावरून वर सरकत कासेपर्यंत जातो, सड आणि कास यांच्यामधली वाट चिमटली जाते आणि कास भरलेली असूनही दूध थांबतं. बघणाऱ्याला वाटतं शेळी संपली. भुरीला मशीननंतर हाताने पिळली तर पाव लिटरच्या वर दूध निघालं.

काटा तर 11 वरच होता. ठोके पुन्हा मोजले, 88. लायनर शेळीचेच, अरुंद तोंडाचे. मग उरला तो काटाच. शेजारच्या वस्तीवरच्या तात्यांच्या गाईंच्या गोठ्यातला गेज दुपारी मागून आणला. त्यांनी तो नुकताच तपासून घेतला होता. टी जोडून दोन्ही गेज एकाच लाईनवर लावले. आमच्याकडच्या काट्यावर सव्वाअकरा. तात्यांच्या काट्यावर साडेतेरा. म्हणजे किलोपास्कलमध्ये 38 च्या जागी 46. मशीनसोबत आलेला गेज खोटं बोलत होता आणि शेळ्या खरं सांगत होत्या.

रेग्युलेटर तात्यांच्या गेजवर सव्वाअकराला लावला. संध्याकाळी कप काढल्यावर सड गुलाबी आणि मऊ. भुरीच्या हातधारेत जेमतेम फुलपात्रभर निघालं.

विकणाऱ्याला फोन केला, गेज बदलून देणार आहेत. नवा आला तरी तोही तात्यांच्या गेजशी ताडूनच लावीन. ज्यांना मशीन घ्यायचंय त्यांना माझं हे एकच आग्रहाचं सांगणं आहे : पहिल्या दिवसापासून कप निघाल्याबरोबर सडाचं टोक बघा, बोटाने दाबून बघा. सड निळा दिसला की धार थांबवा आणि मशीन तपासा.

8 डिसेंबर

कबरी खुराकाच्या घमेल्याला तोंड लावून दचकून मागे येते. तीच शेळी जमिनीवरच्या टोपलीत निवांत खाते. ह्यांनी मल्टिमीटर आणला. घमेलं आणि ओली जमीन यांच्यामध्ये दोन व्होल्टच्या आसपास दाखवतोय. चप्पल घातलेल्या माणसाला काहीच कळत नाही. ओल्या नाकाने पत्र्याला शिवणाऱ्या आणि खुरांवर उभ्या असलेल्या जनावराला ते कळतं.

वायरमनने जुन्या वायरिंगमध्ये न्यूट्रलचा ढिला जोड शोधला. अर्थिंगचा खड्डाही वाळून गेला होता. नवा पाईप, कोळसा-मीठ, वर पाणी घालायला नरसाळं. मोटरच्या लाईनला आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवली, स्टँडचं लोखंड अर्थिंगला जोडलं. संध्याकाळी कबरीने घमेलं चाटून पुसून साफ केलं.

14 डिसेंबर

थंडी वाढली. पहाटे रबर ताठ असतं, कप नीट धरत नाहीत. क्लस्टर धारेच्या आधी कोमट पाण्यातून फिरवून घेतो, त्याच पाण्यात क्लोरीन, म्हणजे निर्जंतुक करणंही उरकतं.

धुण्याचं सविस्तर लिहून ठेवते, कारण मशीन दूध नासवू शकतं ते इथेच. धार संपली की लगेच, दूध नळीत वाळायच्या आत, कोमट पाणी ओढायचं. पहिलं पाणी कडक गरम नको. त्याने दुधातलं प्रथिन शिजतं आणि नळीला चिकटून बसतं. पाणी स्वच्छ यायला लागलं की मग बंबातलं कढत पाणी, 60-70 अंशांचं, त्यात अल्कली पावडर, आणि ते नळ्यांतून वर-खाली खेळवायचं. मध्ये मध्ये कप पाण्याबाहेर काढून हवा जाऊ द्यायची, म्हणजे पाणी उसळतं आणि कोपरे घासले जातात. हे पाणी कोमट व्हायच्या आत काढून टाकायचं, नाहीतर सुटलेलं तूप परत नळीला बसतं. शेवटी साधं पाणी, आणि क्लस्टर तोंड खाली करून टांगायचे.

आमचं बोअरचं पाणी जड आहे. आठवड्याच्या आतच क्लॉला (दोन्ही कपांचं दूध जिथे एकत्र येतं तो भाग) आतून पांढुरका खरखरीत थर लागला, बोटाला खडूसारखा. म्हणून रविवारी अल्कलीऐवजी आम्लाचं क्लीनर. आम्ल आणि क्लोरीन कधीही एकत्र होऊ द्यायचे नाहीत, विषारी वायू सुटतो. दोन्ही डबे वेगवेगळ्या फळीवर ठेवले आहेत आणि आम्लाच्या डब्याला लाल चिंधी बांधली आहे, कारण हे काम पुढे कोणीही करेल.

22 डिसेंबर

पहिलटकरणींचा प्रश्न. चार पाठी, म्हणजे तरुण शेळ्या, पहिल्यांदाच व्यायल्या आहेत, सड करंगळीएवढे आणि पुढच्या बाजूला वळलेले. कप लावला की थोड्या वेळात "फुस्स" असा आवाज येतो, म्हणजे कडेने हवा शिरली. हा आवाज साधा समजू नये. शिरलेली हवा क्लॉमधले दुधाचे थेंब उलटे, जोरात दुसऱ्या सडाच्या तोंडावर मारते. एका सडाला रोग असेल तर तो असा दुसऱ्या सडात जातो.

नळी खाली लोंबकळत होती, तिच्या वजनाने क्लस्टर एका बाजूला झुकत होतं. स्टँडच्या दांड्याला आकडा लावून नळी त्यावर टेकवली. दोन पाठींचं जमलं. उरलेल्या दोघींची धार हातानेच काढतोय, सड भरेपर्यंत. मशीन घेतलं म्हणून प्रत्येक शेळी मशीनवरच आली पाहिजे, असं आम्ही धरलेलं नाही. नुकत्या व्यायलेल्यांचा चीक आणि औषध चालू असलेल्या शेळीचं दूधही हातानेच, वेगळ्या भांड्यात.

4 जानेवारी 2025

पशुवैद्यक डॉक्टर आले, सगळ्यांची दगडीची, म्हणजे कासेच्या दाहाची, चाचणी केली. चार खणांची पांढरी ताटली, प्रत्येक सडाचं दूध वेगळ्या खणात, तेवढंच जांभळं द्रावण, आणि ताटली गोल फिरवायची. दूध शेंबडासारखं घट्ट झालं की आत दाह आहे. शेळीच्या दुधात पेशींचे तुकडे निसर्गतःच जास्त असतात, म्हणून किंचित दाटपणा दिसला तर डॉक्टर त्याला रोग धरत नाहीत. गाईचा निकष लावला असता तर अर्ध्या शेळ्यांना नाहक इंजेक्शनं बसली असती.

मोरीचा डावा सड मात्र स्पष्ट घट्ट. बाहेरून ना सूज, ना ताप, दूधही पांढरंशुभ्र. तिच्यावर उपचार सुरू आहेत, आणि ती आता रांगेत शेवटची. आधी पहिलटकरणी, मग निरोगी जुन्या, मग शंका असलेल्या. शेळीला दगडी कधी कधी इतकी जोरात होते की कास थंड पडते, काळी-निळी होते आणि शेळी दोन दिवसांत जाते. म्हणून हा क्रम पाहुणे आले, घाई असली, तरी मोडायचा नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात संगमनेरी शेळीच्या सुधारणेचं काम चालतं. सडांच्या आकाराकडे पाहून पाठी कशा निवडायच्या ते तिथे जाऊन विचारायचं डॉक्टरांनी सुचवलं. पुढच्या पैदाशीत लांब, सरळ खाली येणारे सड आम्हाला हवे आहेत.

16 जानेवारी

संक्रांतीच्या दिवशी पहाटे लाईट गेली आणि सगळ्यांची धार हाताने काढावी लागली. शेळ्यांनी कुरकुर केली नाही. एक एचपीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, घरगुती इन्व्हर्टरला ते झेपत नाही. पेट्रोल इंजिनाचा विचार सुरू आहे. तोवर आठवड्यातून एक वेळ मुद्दाम हाताने धार, म्हणजे शेळ्यांची सवय मोडणार नाही.

वेळेचा हिशेब जसा आहे तसा लिहिते, कारण तो मशीन घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. दोघी मिळून हाताने धारा काढायचो तेव्हा पाऊण-एक तास लागायचा. आता एकटीला मशीनवर जवळपास तेवढाच लागतो, शिवाय धुण्याची वीस मिनिटं. एका माणसाचे हात मोकळे झाले, घड्याळ फारसं वाचलं नाही. दहाच्या आत शेळ्या असतील तर धुण्यातच नफा जाईल, चांगला स्टँड करून घ्या आणि हातानेच काढा. दोन बायका आळीपाळीने करणाऱ्या आमच्यासारख्या घराला मशीन उपयोगी आहे. जाऊबाईंचा अंगठा अजून पूर्ण बरा नाही, पण रात्री शेकावा लागत नाही.

दूध निघाल्याबरोबर गाळून किटली बर्फाच्या पाण्यात ठेवतो, ढवळतो आणि मग फ्रीजरला. शेळीच्या अंगातून दूध 39 अंशांवर बाहेर येतं, दोन तासांत ते 4 अंशांवर गेलं पाहिजे. चीजवाल्यांनी डिसेंबरच्या शेवटी दुधाचा आंबटपणा तपासला, आधीच्यापेक्षा बरा आहे म्हणाले.

लायनरचं गणित : रबरी लायनर साधारण 2500 धारांपर्यंत चालतो, मग आतून बारीक भेगा पडतात आणि त्यात जंतू घर करतात. सगळ्या 22 शेळ्या धरल्या तर प्रत्येक क्लस्टरला एका वेळी 11, दिवसाला 22 धारा. म्हणजे 113 दिवस, साधारण मार्चचा शेवटचा आठवडा. गुढीपाडव्याच्या आत नवा संच बसवायचा आहे. तालुक्याला शेळीचे लायनर मिळत नाहीत, बाहेरून मागवावे लागतात, म्हणून फेब्रुवारीतच ऑर्डर द्यायची. सोबत पल्सेटरचे रबरी पडदे आणि पंपाचं तेल.